जमीन भरपूर आहे, फक्त बघता यायला हवी

ठाणे-नवी मुंबईत घरांसाठी जमीनच उरली नाही म्हणणारे लोक गच्चीवरून बघतात. तुमची नेमणूक आता विकास आराखड्यावर झालीय, तेव्हा तुम्ही नकाशावरून बघायचं. कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) 1966 चा. आराखड्याआधी सध्याच्या भूवापराचं सर्वेक्षण करून नकाशा काढा, इतकंच तो सांगतो. चपला झिजवा असं काही त्यात नाही.

उपग्रहाचं छायाचित्र मात्र ओहोटीचं घ्या. नेरूळच्या पाणथळींवर फ्लेमिंगो येतात ते भरतीला, विसाव्यापुरते. ओहोटी लागली की चरायला खाडीत जातात. म्हणजे छायाचित्रात पाणी कमी आणि पक्षी शून्य. शिवाय त्यांच्यापैकी एकाच्याही नावावर सातबारा नाही. नवी मुंबई महापालिका 1992 ची आणि तिचा पहिला प्रारूप आराखडा 2022 चा. एवढ्या सावकाशीने काढलेल्या नकाशात पाणथळींच्या अंगाला निवासी वापराच्या पिवळ्या रंगाची हळद लागलेली निघाली, तेव्हा पक्षीप्रेमींनी भर मांडवात हरकत घेतली. त्याच वर्षी ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. तुम्ही विचलित होऊ नका. यादी वेगळी, आराखडा वेगळा.

गावठाणाची हद्द जुनीच धरा. 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसली. गावातल्या पोरांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली, पण हद्द जागची हलली नाही. बाहेर जे उभं राहिलं त्याला सरकारी कागदातही ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. गरज त्यांची, नकाशा तुमचा. रस्त्याची रेघ तिथून सरळ जात असेल तर जाऊ द्या, उगाच वळवू नका. हरकतींच्या सुनावणीला आजी येईल, तिला पाणी विचारा.

मैदानं, बागा, शाळा यांची आरक्षणं हात सैल सोडून टाका. लोक खूश होतात. पुढे फक्त काही करायचं नाही, आणि हे काम कुणालाही जमतं. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही की कलम 127 खाली मालक नोटीस देतो. त्यानंतरचे 24 महिनेही फायलीने शांतपणे काढले की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते इथेही चालतं. शेजारी टॉवर असेल तर बाग कुठे गेली हे वेगळं सांगायला नको. मुलांना पोडियमवर घसरगुंडी मिळेलच (सोसायटीची असतील तर).

बांधून तयार, पण कुलूपबंद असलेले फ्लॅट मोजू नका. ते जमीन नाहीत आणि त्यात कुणी राहत नसल्याने घरंही नाहीत.

कुणी पाण्याचं विचारेल. तो रकाना आपल्या तक्त्यात नसतो, पाणीपुरवठ्याकडे पाठवा. घोडबंदर रोडवर टँकर रांगेने दिसले, तर ती वाहनं आहेत. वाहतूक शाखा मोजेल.