बॅलेचा जन्म रशियातला नाही

‘बॅले हा मूळ रशियन नाच, नावही रशियन’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ‘बल्लारे’ म्हणजे नाचणे, या इटालियन शब्दावरून हे नाव फ्रेंचमध्ये आले. नाचही इटलीच्या दरबारांतून पॅरिसला गेला. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १६६१ मध्ये तिथे नृत्य अकादमी काढली. म्हणूनच जगभरच्या वर्गांत आजही सूचना फ्रेंच असतात. उदाहरणार्थ, ‘प्लिए’ म्हणजे गुडघे वाकवणे. रशियाने बॅलेला वैभव दिले हे खरेच, पण सेंट पीटर्सबर्गची पहिली शाळासुद्धा १७३८ मध्ये लांदे या फ्रेंच नृत्यशिक्षकाने सुरू केली.