राजपुत्र त्या दुपारी जेवायला कुठे होता?

गेल्या काही महिन्यांत पुण्यातल्या इतिहासप्रेमी मंडळींच्या मोबाइलवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच स्त्रियांचे खून करणारा ‘जॅक द रिपर’ म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून व्हिक्टोरिया राणीचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर होता, उपदंशाने त्याचे डोके फिरले होते, राजवैद्य सर विल्यम गल यांनी प्रकरण निस्तरले, आणि बोभाटा होऊ नये म्हणून त्याला हिंदुस्थानच्या दौऱ्यावर धाडण्यात आले, त्यात तो आपल्या पुण्यातही येऊन गेला. हे शेवटचे वाक्य नसते, तर मजकूर इथे इतका हातोहात पुढे गेला नसता.

तेव्हा आधी दौऱ्याचेच पाहू. दौरा झाला हे खरे, परंतु राजपुत्र निघाला तो १८८९ च्या ऑक्टोबरात, म्हणजे पाचव्या खुनानंतर अकरा महिन्यांनी. ज्याला दडवायचे त्याला कोणी स्वागत-समारंभांतून मिरवत नेत नाही. शिवाय मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती त्या वेळी त्याचा सख्खा काका ड्यूक ऑफ कॅनॉट होता; पुतण्या या बाजूला फिरकला, तर त्यासाठी वेगळे गूढ कारण शोधण्याची आवश्यकता नाही.

खरा प्रश्न तारखांचा आहे. खून झाले ३१ ऑगस्ट, ८ सप्टेंबर, ३० सप्टेंबर (एकाच रात्री दोन) आणि ९ नोव्हेंबर या दिवशी. पहिल्या खुनाच्या वेळी राजपुत्र यॉर्कशरमध्ये डॅन्बी लॉज येथे पाहुणा होता, दुसऱ्या वेळी यॉर्कच्या घोडदळ छावणीत होता, आणि ९ नोव्हेंबर हा तर त्याच्या वडिलांचा वाढदिवस. त्या सुमारास तो सँड्रिंगहॅमला होता. पण सर्वांत बोलकी तारीख ३० सप्टेंबरची. त्या पहाटे एकच्या सुमारास एलिझाबेथ स्ट्राइडचा आणि पाऊण तासाने माइटर चौकात कॅथरीन एडोजचा मृतदेह सापडला. राजपुत्र २७ तारखेपासून स्कॉटलंडमध्ये ॲबरगेल्डी येथे होता आणि त्याच ३० तारखेला दुपारी तो आपल्याबरोबर जेवला, अशी राणीच्या रोजनिशीत नोंद आहे. लंडन ते तिथले जवळचे स्थानक बॅलटर हे अंतर लोहमार्गाने साधारण पुणे–नागपूर इतके भरते. त्याच उन्हाळ्यात लंडन–एडिंबरो मार्गावर दोन प्रतिस्पर्धी रेल्वेमार्गांत वेगाची गाजलेली चढाओढ झाली होती. तीत सर्वांत जलद गाडीलाही नुसत्या एडिंबरोपर्यंत पोहोचायला साडेसात तासांच्या आसपास लागले, आणि एडिंबरोच्या पुढे बराच पल्ला उरतोच. त्यात तो दिवस रविवारचा, म्हणजे स्कॉटलंडात गाड्या मोजक्या. दोन खून करून, रक्ताचे कपडे बदलून, मध्यरात्री गाडी गाठून आजीच्या पंगतीला वेळेवर बसणारा हा राजपुत्र मला तरी दिसत नाही.

यावर एक आक्षेप मात्र रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. राणीची मूळ रोजनिशी आज नाही. तिची कन्या बिअट्रिस हिने ती उतरवून काढली, आवडले नाही ते गाळले आणि मूळ वह्या नष्ट केल्या. मग ही नोंद मागाहून घातली नसेल कशावरून? बिअट्रिस १९४४ साली वारली, आणि राजपुत्राचे नाव या खुनांशी जोडणारा पहिला छापील उल्लेख १९६२ चा आहे. जो आरोप अजून कोणी केलेलाच नाही, त्याचे खंडन कोणी आगाऊ लिहून ठेवत नाही.

उपदंशाची कथा आली कुठून? डॉ. थॉमस स्टोवेल यांनी १९७० साली ‘द क्रिमिनॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात लेख लिहिला, त्यात उपदंशाने वेड लागलेल्या संशयिताला नुसते ‘एस’ म्हटले, पण रोख या राजपुत्राकडेच होता, आणि आधार म्हणून गल यांच्या खासगी कागदांकडे बोट दाखवले. ते कागद दुसऱ्या कोणी पाहिलेले नाहीत. लेखानंतर थोड्याच दिवसांत स्टोवेल वारले आणि त्यांच्या मुलाने त्यांची टिपणे जाळून टाकली. गल १८९० च्या जानेवारीत वारले, तर राजपुत्र १४ जानेवारी १८९२ रोजी. त्यामुळे त्याच्या अखेरच्या आजाराविषयी गल काही लिहून ठेवणे शक्यच नव्हते. तो आजार म्हणजे त्या वर्षांतल्या साथीचा इन्फ्लुएंझा आणि त्यातून उद्भवलेला न्यूमोनिया. जाता जाता सांगायचे, तर मृत्यूच्या सहा आठवडे आधी त्याचा वाङ्‌निश्चय ज्या मेरीशी झाला होता, तीच पुढे धाकट्या भावाची, म्हणजे पंचम जॉर्जची, राणी झाली. गेटवे ऑफ इंडिया उभे आहे ते याच दांपत्याच्या १९११ च्या आगमनाप्रीत्यर्थ.

‘इतके क्रूर आणि तरीही न सापडलेले, म्हणजे कोणी बडी असामीच असणार’ हा तर्क पुणेकराने तरी करू नये. १९७६-७७ मध्ये या शहरात दहा जणांचे जीव घेणारे टिळक रस्त्यावरच्या एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी निघाले होते.

राहता राहिली गल यांची बाब, आणि इथे मजकूर स्वतःच्याच पायात अडखळतो. स्टोवेलच्या कथेत राजपुत्र खुनी आहे आणि गल त्याला सांभाळतात. १९७६ साली पुस्तकरूपाने आलेल्या दुसऱ्या कथेत राजपुत्राच्या हातून खून होतच नाहीत. त्याने ॲनी क्रुक नावाच्या मुलीशी गुपचूप लग्न केले, तिला मूल झाले आणि ते गुपित ठाऊक असलेल्या स्त्रियांना गल यांनी संपवले, असे ती कथा सांगते. एकीतला खुनी दुसरीत निर्दोष, तरी मजकुराने दोन्हींची एकत्र मोट बांधली आहे. गल तेव्हा ७१ वर्षांचे होते आणि आदल्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. ॲनीची मुलगी १८ एप्रिल १८८५ ला जन्मली, म्हणजे गर्भधारणा १८८४ च्या जुलै-ऑगस्टमधली. राजपुत्र त्या उन्हाळ्यात जर्मनीत हायडेलबर्गला शिकत होता. हे गुप्त लग्न खरे असते, तरी १७७२ च्या राजविवाह कायद्यानुसार राणीच्या संमतीवाचून ते मुळातच अवैध ठरले असते, मग त्यासाठी पाच खून कशाला? ही कथा ज्याने सांगितली त्या जोसेफ गॉर्मन याने १९७८ साली ‘संडे टाइम्स’जवळ कबूल केले की, खुनांचा भाग आपण रचला होता. फिरत्या मजकुरात तेवढी ओळ कोठे आढळली नाही.