बाबा गेले, म्हणून त्यांचे पॉइंट्सही गेले म्हणे!

"पॉइंट्स ट्रान्सफर होत नाहीत, मॅम. पॉलिसी आहे." बाबांच्या कार्डावर साठलेले पॉइंट्स आईला द्या म्हटलं की कॅसिनोचं हेच उत्तर. तीन आठवड्यांत चौथ्यांदा हे ऐकलं आणि फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होते माझे. संताप कुणावर काढू तेच कळेना, म्हणून इथे लिहितेय.

बाबा फेब्रुवारीत गेले. रिटायर झाल्यापासून दर बुधवारी आई-बाबा न्यू जर्सीतल्या एडिसनहून अटलांटिक सिटीच्या कॅसिनोला जायचे. गार्डन स्टेट पार्कवेने दीड तास. बाबा पेनी स्लॉटवर, म्हणजे सेंटासेंटाने खेळायच्या जुगाराच्या मशीनवर बसायचे आणि आई बोर्डवॉकच्या, म्हणजे समुद्रकाठच्या लाकडी रस्त्यावरच्या बाकावर, स्वेटर घालून, पोळीभाजीचा डबा मांडीवर घेऊन. मला ते कधीच पटलं नाही. त्यावरून आमची कडाक्याची भांडणं झालीत आणि आजही मी जुगाराची बाजू घेत नाहीये. पण कॅसिनोचं ते कार्ड डोळ्यांसमोरून जात नाही. स्प्रिंगसारख्या दोरीचं एक टोक शर्टाच्या बटणाला, दुसऱ्या टोकाचं कार्ड मशीनच्या खाचेत. कार्ड आत गेल्याशिवाय बाबा बटणाला हात लावायचे नाहीत. "अगं, पॉइंट्स पडतात," म्हणायचे.

ते पॉइंट्स ते एका गोष्टीसाठी साठवत होते. मे २०२५ मध्ये त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होणार होती. समुद्राच्या बाजूच्या दोन खोल्या, आम्हा सगळ्यांचं जेवण, सगळं पॉइंट्समधून करायचं. वही आहे त्यांची, निळ्या शाईत, महिन्यामहिन्याचा हिशोब. शेवटची नोंद जानेवारीची. १,१८० डॉलरचे पॉइंट्स.

आई म्हणाली, कॅसिनोला कळवून टाक, उगाच बाबांच्या नावाने पत्रं येत राहतील. मी सरळ मनाने कळवलं. मृत्यूचा दाखला, न्यू ब्रन्सविकच्या सरोगेट कोर्टातून (मयताच्या मालमत्तेचं काम बघणारं कोर्ट) आणलेले कागद, आईचं ओळखपत्र, सगळं पाठवलं. दुसऱ्याच दिवशी खातं बंद आणि शिल्लक शून्य! म्हणजे खातं बंद करायला दाखला चालतो, आणि त्याच दाखल्यावर बायकोला तिच्या नवऱ्याचं साठवलेलं द्यायचं म्हटलं की पॉलिसी आडवी येते?

आणि कृपा करून कुणी मला सांगू नका की पॉइंट्स म्हणजे कॅसिनोने दिलेली भेट असते. भेट कसली डोंबलाची! माणूस एका वेळी किती लावतो, तासाला किती डाव खेळतो, किती तास बसतो आणि त्या मशीनवर कॅसिनोचा वाटा किती टक्के, यावरून त्याचा अपेक्षित तोटा काढतात. त्या तोट्यातला एक तुकडा पॉइंट्स, खोली, जेवण म्हणून परत देतात. न्यू जर्सीत स्लॉट मशीनने किमान ८३ टक्के परत द्यायला हवेत असा नियम आहे, म्हणजे १०० डॉलरमागे १७ पर्यंत ठेवून घ्यायची कायद्यानेच मुभा आहे. पेनी स्लॉटही नावालाच पेनी. चित्रं जुळायच्या सगळ्या लाइनींवर पैसे लावले की एका दाबाला ५०-६० सेंट सहज जातात. त्या १,१८० डॉलरच्या मागे बाबांनी तिथे किती ओतले असतील, याचा विचारसुद्धा मला करवत नाही. ते आमचेच पैसे आहेत हो! आमच्याच घरातून गेलेले!

आता उलट बाजू बघा. कॅसिनो बड्या खेळाडूंना उधार देतात, त्याला मार्कर म्हणतात. मार्करवर सही करून माणूस मेला, तर कॅसिनो म्हणतो का, की जाऊ दे, माणूसच गेला, खातं शून्य करू? मुळीच नाही. ते कायदेशीर कर्ज धरलं जातं आणि मयताच्या मालमत्तेतून त्याची मागणी होते. म्हणजे त्याचं देणं त्याच्यामागे जिवंत राहतं आणि त्याचं येणं मात्र त्याच्याबरोबर मरतं. चोर तो चोर, वर शिरजोर.

पॉइंट्सना किंमत नसते हेही मला फोनवर ऐकवलं. आमचा कॅसिनो वेगळा, पण सीझर्स या बड्या कॅसिनो कंपनीचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. जानेवारी २०१५ मध्ये त्यांची सगळ्यात मोठी उपकंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा धनकोंच्या भांडणात त्यांच्या लॉयल्टी कार्यक्रमाची (पॉइंट्सच्या योजनेची), म्हणजे बाबांसारख्या लाखो लोकांच्या खेळण्याच्या नोंदींची, किंमत सुमारे १ अब्ज डॉलर सांगितली गेली होती. त्यांच्या हिशोबात अब्ज आणि आईच्या हिशोबात शून्य. कुठल्या तोंडाने सांगता, किंमत नसते म्हणून?

सगळ्यात जास्त काय झोंबलं सांगू? ओळखीतल्या दोघा-तिघांनी मलाच वेड्यात काढलं. "कळवलंस कशाला? आधी कार्ड घेऊन जायचं, पिन टाकायचा, सगळे वापरून टाकायचे, मग सांगायचं." पिन आईला पाठ होता. १९७५, लग्नाचं वर्ष. ती गेली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण दुसऱ्याचं कार्ड वापरणं ही त्यांच्या नियमात लबाडी, आणि आम्ही लबाडी केली नाही. जो खोटं बोलेल त्याला खोली आणि जेवण, जो खरं सांगेल त्याच्या तोंडाला पानं पुसायची, असा नियम ज्याने लिहिला त्याला एकदा आईसमोर आणून बसवावंसं वाटतं मला.

काही एअरलाइन्स दाखला बघून माइल्स वारसाच्या नावावर करतात. भारतात साध्या पोस्टाच्या बचत खात्यालाही नॉमिनी लावता येतो. यांच्याकडे नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन, सगळं घेतात. त्याच अर्जात वारसाचा एक रकाना ठेवायला काय धाड भरते यांना?

परवा शेवटी एक सुपरवायझर फोनवर आली. आवाजात साखर घोळून म्हणाली, पॉइंट्सचं काही करता येणार नाही, पण सहानुभूती म्हणून तुमच्या आईंना जेवणाची दोन कूपनं पाठवतो. काल ती आली. आईने पाकीट उघडलं, दोन्ही कूपनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि मला विचारलं, "दोन कशाला गं?"

कूपनं मी आज सकाळी परत पाठवली. आणि कॅसिनोंवर देखरेख करणाऱ्या न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटकडे तक्रार केली आहे, बाबांच्या वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो जोडून.