एकच पाय, तीन कार्यालये आणि ३५ टक्के

अपघातात गुडघा कायमचा आखडलेल्या रिक्षाचालकाचा पाय आपल्याकडे तीन ठिकाणी तपासला जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा लावला जातो. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला ३५ टक्के सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्के लागतात, म्हणून तिथे तो बसत नाही. आरटीओ त्याच पायामुळे त्याचे लायसन्स रद्द करू शकते. आणि विमा कंपनीचे म्हणणे असते की अपंगत्व ३५ टक्के, तेव्हा कमाईही ३५ टक्केच बुडाली. अपघात दाव्यांची कामे करताना मला सर्वांत जास्त खटकते ते हे तिसरे विधान, कारण ते कायद्याला धरून नाही, तरीही पक्षकार ते मुकाट्याने मान्य करतात.

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार प्रकरणात २०१० साली स्पष्ट केले आहे की शारीरिक अपंगत्व किती हे डॉक्टरांनी सांगायचे, पण त्यामुळे कमावण्याची क्षमता किती घटली हे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने त्या माणसाचा व्यवसाय, वय आणि तो दुसरे कोणते काम करू शकतो हे पाहून ठरवायचे. त्याआधी १९७६ मध्ये, डावा हात गमावलेल्या सुताराचे नुकसान कामगार भरपाईच्या कायद्याखाली संपूर्ण मानले गेले होते, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहा. ३८ वर्षांचा चालक महिना १५,००० रुपये कमावत असेल, तर वर्षाचे १,८०,००० आणि त्या वयाचा गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) १५, म्हणजे पूर्ण नुकसान २७ लाख रुपये होते. ३५ टक्क्यांनी मोजले तर ते ९,४५,००० वर येते. भविष्यातील उत्पन्नवाढ आणि उपचारांचा खर्च यांत धरलेलाच नाही. प्रत्येक चालकाला १०० टक्के मिळतील असे मी म्हणत नाही, पण तो पुन्हा रिक्षा चालवू शकतो का, हा प्रश्न पुराव्यानिशी विचारला गेलाच पाहिजे. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष हवी. परमिट, बॅज, कर्जाच्या हप्त्यांचे पासबुक जपून ठेवायला हवे.

इथेच लायसन्सचा संबंध येतो. आजार किंवा अपंगत्वामुळे चालक वाहन चालवण्यास अयोग्य आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ खाली लायसन्स रद्द करता येते किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येते. मात्र कलम १७ प्रमाणे रद्द करण्याचा आदेश कारणांसह लेखी द्यावा लागतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. बहुतेक चालक यातले काहीच मागत नाहीत. गाडी विकतात, लायसन्सची मुदत संपू देतात. माझ्या मते हे दुहेरी नुकसान आहे, कारण निर्णय चुकीचा असेल तर अपिलाची संधी जाते आणि बरोबर असेल तर दाव्यातला मोलाचा पुरावा हातचा जातो. शासनाचेच एक कार्यालय लेखी सांगते की हा माणूस आता रिक्षा चालवू शकत नाही, तेव्हा ३५ टक्क्यांचा युक्तिवाद टिकवणे विमा कंपनीला बरेच अवघड होते.

मुदतीबद्दल तर फार गैरसमज आहेत. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट लागू आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरीही त्या भरवशावर थांबू नये. पायात रॉड असताना, दुसरी शस्त्रक्रिया बाकी असताना अपंगत्वाचा अंतिम दाखला मिळत नाही, आणि लोक नेमके त्या दाखल्यासाठी खोळंबतात. दाखल्याविना दावा दाखल करता येतो, दाखला पुढे पुराव्याच्या वेळी सादर करता येतो. दावा तुम्ही राहता त्या भागातील न्यायाधिकरणातही चालतो, अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी.

लोकअदालतीत तडजोड करायला माझा विरोध नाही. घरात चूल पेटायची असेल तर लवकर मिळणाऱ्या पैशाचे मोल मोठे असते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी आपल्या वकिलाला विचारा की समोर ठेवलेली रक्कम दाखल्यावरच्या टक्क्यांवरून काढली आहे, की तुमच्या बुडालेल्या धंद्यावरून.