५०० जीबीचा सातबारा

मॅच पुसली. मी बघायच्या आधीच पुसली. निकाल कानावर पडू नये म्हणून लग्नाच्या मांडवात मी मोबाइल बंद ठेवला होता, कुडाळ स्टँडवर क्रिकेटचा विषय निघाला तसा चहा अर्धा टाकून उठलो होतो, आणि एसटीत शेजारचा माणूस "काल बघितलात काय?" एवढं म्हणाला तेव्हा झोपेचं सोंग घेतलं होतं. घरी येऊन टीव्हीचा रेकॉर्डिंगवाला डबा (सेट-टॉप बॉक्स) लावला तर यादीत मालिका, मालिका, कीर्तन, मालिका. मॅच कुठेच नाही. तात्या ओटीवर चष्मा पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "अतिक्रमाण हटवलंय."

आमचं घर वडिलोपार्जित आहे. चुली दोन, टीव्ही एक. रेकॉर्डिंगवाला डबा मी आणि चुलतभाऊ बाळा यांनी निम्मे निम्मे पैसे घालून घेतला आणि दोघांनी सारखेच तास वापरायचे असं ठरवलं. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार तात्यांबद्दल आहे. तात्या आमचे धाकटे काका, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. माणूस निवृत्त झाला, खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. वाडीत कुठेही दोन भावांचा आवाज चढला की तात्या तिथे पोचतात. सामाईक फणसाचे गरे कोणाचे आणि आठळ्या कोणाच्या इथपर्यंत त्यांनी निवाडे दिलेत. विहीर, पाणंद, गणपतीची पाळी, सगळ्यांची वाटणी झाल्यावर त्यांना कामच उरलं नव्हतं. मी नसताना बाळाच्या मुलाने त्यांना डब्यातला तो पडदा दाखवला, ज्यावर प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे त्याने किती जागा घेतली ते येतं. झालं!

"हयसर बस," तात्या म्हणाले. समोर वही उघडी. वहीत रकाने आखलेले. "बाळाची मालिका. तास किती?"

"एक."

"जागा?"

"पाऊण-एक जीबी असेल."

"तुज्या म्याचीचो एक तास?"

"साडेतीन जीबी. पण तात्या, त्याचं कारण..."

"कारण मगे. तास सारखो, जागा चौपट. म्हंजे बांध सरकवलंस."

मी म्हटलं, तात्या, डबा तास मोजतच नाही. वरून सेकंदाला जितकी माहिती येते, तितकी तो जशीच्या तशी डिस्कवर उतरवून घेतो. मॅचचं एचडी चॅनल सेकंदाला साधारण आठ मेगाबिट धाडतं, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला एक एमबी, तासाला ३,६०० एमबी. मालिकेचं साधं चॅनल दोन मेगाबिटच्या आसपास असतं, त्याचे तासाला ९०० एमबी. शिवाय साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, एचडीत १,९२० गुणिले १,०८०. बरोब्बर पाचपट! आणि एचडीचे वरचे पैसे दर महिन्याला मी एकटा भरतो.

तात्यांनी आकडे वहीत उतरवले, बेरीज-गुणाकार तपासले आणि बरोबर असल्याचं मान्य केलं. मग म्हणाले, "ठिपके पाचपट, मगे जागा चौपटच कशी? एक पट खंय गेली?"

हा प्रश्न चांगला होता, याचाच मला जास्त राग आला.

आता यावर खरं उत्तर द्यायचं तर दाबकामाबद्दल (म्हणजे कॉम्प्रेशनबद्दल) बोलावं लागतं. एचडी चित्र न दाबता साठवायचं म्हटलं तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला पंचवीस चित्रं, तासाला ५६० जीबी होतात. म्हणजे आमच्या ५०० जीबीच्या आख्ख्या डब्यात एक तासही मावणार नाही. म्हणून प्रक्षेपण करणारे एक चित्र पूर्ण पाठवतात आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं ते सांगतात. अर्ध्या-एक सेकंदाने पुन्हा एक पूर्ण चित्र. मधल्या काळात काहीच हललं नाही तर सांगण्यासारखं काही नसतं. चित्र दाबायच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीपेक्षा २००३ साली आलेली एच.२६४ पद्धत तेच काम बरंच कमी बिटांत करते, त्यामुळे कुठलं चॅनल कुठल्या पद्धतीने येतं यावरही जागा ठरते. मुद्दा असा की डिस्क भरते ती पडद्यावरच्या हालचालीने. मैदानावर कॅमेरा चेंडूमागे धावतो, गवताचं पातं न् पातं सरकतं, मागे हजारो माणसं हात वर करतात. सगळं नव्याने सांगावं लागतं. कीर्तनकार बुवा एका जागी उभे. मागचा पडदा तोच, वीणा तीच. हलतात ते ओठ आणि चिपळ्या.

"आणि मालिका?" आतून बाळाच्या बायकोचा आवाज आला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मॅच माझी पुसली गेली होती. मी म्हटलं, मालिकेत काही घडतच नाही, म्हणून ती कमी जागेत बसते. हे मी टोमणा म्हणून म्हटलं नाही, शुद्ध तांत्रिक सत्य सांगितलं. सासूचा चेहरा अर्धा मिनिट पडद्यावर तसाच असतो, तेवढा वेळ चित्र दाबणाऱ्या संगणकाला सुट्टी. फक्त वीज चमकल्यासारखा तीनदा पांढरा उजेड मारतात तेव्हा त्याचे हाल होतात, कारण मागच्या चित्राशी पुढचं काही जुळतच नाही. भावजींना मालिका आवडत नाही हे माहीत होतं, पण संगणकाचा आधार घेऊन बोलतील असं वाटलं नव्हतं, असं आतून ऐकू आलं. त्या रात्री सोलकढी आमच्या चुलीकडे आली नाही.

तात्या मात्र वहीत मागे गेले होते. त्यांना भलतंच सापडलं होतं. हीच मालिका, हीच वेळ; पण मे महिन्यातला भाग मोठा आणि जुलैमधला जवळजवळ निम्मा.

"पावसात मालिका आटता," तात्या म्हणाले. "विहीर भरता आणि मालिका आटता. ह्या काय?"

आटते, तात्या. खरोखर आटते. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. कोकणातल्या धारा त्यांना वाटेतच शोषतात आणि विखुरतात. छपरावरच्या तबकडीपर्यंत काही पोचलंच नाही तर डबा साठवणार काय? पडद्यावर 'सिग्नल नाही' येतं आणि तेवढ्या वेळात डिस्कवर काहीच उतरत नाही. एका भागात नायिका दार उघडते आणि पुढच्या क्षणी तिला मूल झालेलं असतं ते यामुळे. (बाळाच्या बायकोला तो दिग्दर्शकाचा प्रयोग वाटला होता.) पुण्या-मुंबईत बसून पॅकचे दर ठरवणाऱ्यांना जूनचा पाऊस कधी दिसत नाही. चार महिने अर्धाच टीव्ही बघायचा आणि पैसे बारा महिन्यांचे भरायचे. ही तक्रार मी ग्राहक सेवेला कळवली तेव्हा तिथल्या मुलाने मला छपरावर चढून तबकडी पुसायला सांगितलं. भर पावसात, कौलारू छपरावर.

"पण दोन भाग भर मे महिन्यातले, तेंची जागा वायली कशी?" तात्या सोडेनात.

मग मी ट्रान्सपॉन्डर काढला. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे खालून आलेले संकेत परत खाली धाडणाऱ्या साधनावर, बरीच चॅनलं एकत्र बसवलेली असतात, आणि एकूण बिट ठरावीक. यंत्र क्षणाक्षणाला बघतं, कुठे हालचाल जास्त, कुठे कमी, आणि तसे बिट वाटतं. शेजारच्या चॅनलवर त्या तासाला धुमश्चक्री असेल तर मालिकेच्या वाट्याला कमी येतात. शेजारी नुसती बातम्यांची चर्चा असेल तर जास्त.

तात्यांचे डोळे लकाकले. "म्हंजे तो टान्सपॉन्डर सामाईक आसा म्हण की!"

"हो."

"आणि वाटप कोण करता?"

"यंत्र."

"नोटीस न देता?"

यावर मी काय बोलणार? तात्यांनी 'सामाईक' हा शब्द वहीत दोनदा अधोरेखित केला. तोवर बाळाच्या मुलाने नवीन पडदा उघडला होता. त्यावर एकूण जागा ४६५ जीबी. पावतीवर ५००. पस्तीस जीबींची घट म्हटल्यावर तात्या उभेच राहिले. कारखानदार हजाराने मोजतात, डबा १,०२४ ने मोजतो, म्हणून आकडा लहान दिसतो, जागा तेवढीच असते, असं मी सांगितलं. "असोच एक सर्वेयर होतो आमच्याकडे," एवढंच ते म्हणाले.

पण त्याखालच्या ओळीने घात केला. 'राखीव'. चालू कार्यक्रम थांबवून मागे नेता यावा म्हणून डबा सतत थोडं थोडं रेकॉर्ड करत असतो. ती जागा आपल्याला वापरता येत नाही.

"ती कोणाच्या नावार?"

"कंपनीच्या म्हणा."

"पैसे आपण दिले, डबो आपलो, आणि आत कंपनी कसता?" तात्यांचा आवाज खाली आला. आमच्या घरात हा विषय दबक्या आवाजातच निघतो. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे मालक झाले. ते न्यायाचंच होतं, असं मी तात्यांना ऐकवत असतो. पण आजोबांची खाजणाकडची शेतं तेव्हा गेली आणि तात्यांच्या लेखी तो दिवस अजून मावळलेला नाही. "कूळ लागला," ते म्हणाले. "डब्याक कूळ लागला."

मी हसणार होतो. पण मागे एकदा पॅकचे पैसे भरायला उशीर झाला तेव्हाचं आठवलं. आमच्याच डिस्कवर आधीच उतरवून ठेवलेली सगळी रेकॉर्डिंगं कुलूपबंद झाली होती, वर्षश्राद्धाला लावायचं म्हणून मुद्दाम राखलेलं आजीच्या आवडीचं भजनसुद्धा. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी काही उघडत नाही, सगळं त्या एका डब्याच्या किल्लीने बांधलेलं. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत इतके शेकडो तास मावतील म्हणून छापलेलं, ते दोन मेगाबिटच्या हिशोबाने. एचडीच्या हिशोबाने जेमतेम १४० तास. ते मात्र खोक्यावर कुठेच नाही. माझी मॅच गेली ती बाळामुळे नाही, तात्यांमुळेही नाही, असं त्या क्षणी मला वाटलं; पण तात्यांना मी ते बोललो नाही. पुसायचं बटण त्यांनीच दाबलं होतं.

सध्या तात्या कंपनीला अर्ज लिहितायत. विषय: राखीव क्षेत्राचा ताबा मिळणेबाबत. सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स आणि जुलैच्या भागांचा पंचनामा. पंच म्हणून खाली माझी आणि बाळाच्या बायकोची सही हवी आहे, आणि ती म्हणते, भावजी आधी संगणकाला विचारू देत.