‘विनोदी’ हा शब्द का खोडायचा?

आज दुपारी शिक्षक-कक्षात माझ्या एका सहकाऱ्यांनी पुरस्काराच्या प्रस्तावातील एक शब्द व्हाइटनरने पुसला, आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. हे सर अनेक वर्षे मराठी शिकवतात आणि मुलांसाठी विनोदी कादंबऱ्या लिहितात. प्रस्ताव तपासणाऱ्यांनी त्यांना सुचवले होते की कादंबऱ्या ‘शैक्षणिक कार्य’ या रकान्यातून काढून ‘इतर छंद’ या रकान्यात घालाव्यात आणि ‘विनोदी’च्या जागी ‘संस्कारक्षम’ असे लिहावे. सरांनी दोन्ही गोष्टी निमूटपणे केल्या. मी समोर बसून पाहत राहिले आणि चकार शब्द काढला नाही, याची मला लाज वाटते.

मी सहावीत असताना शनिवारची शाळा सकाळची असे आणि शेवटच्या तासाला आमचे गुरुजी स्वतः लिहिलेली गोष्ट वाचून दाखवत. शाळेचे शेरेबुक खाऊन टाकणाऱ्या एका शेळीची ती गोष्ट वर्षभर पुरली होती. खाकी कव्हर घातलेली फुलस्केप वही मांडीवर घेऊन ते वाचत, मधूनच थांबून आमच्या चेहऱ्यांकडे पाहत, आणि जिथे हशा अपेक्षित असून आम्ही गप्प बसलेले असू, तिथे समासात लाल पेन्सिलीने फुली मारत. पुढच्या शनिवारी तो भाग बदललेला असे. आता स्वतः शिकवू लागल्यावर त्या फुलीचा अर्थ मला कळतो. ज्या पेन्सिलीने ते आमच्या चुका दाखवत, तिनेच स्वतःच्याही दाखवत होते, आणि त्या चुका शोधून देणारे आम्ही होतो. याला छंद म्हणायचे असेल, तर अध्यापन कशाला म्हणतात ते कुणीतरी मला समजावून सांगावे.

इंग्लंडमधील शिक्षक-लेखक अँथनी बकरिज यांचे उदाहरण मला आज सारखे आठवते आहे. पहिल्या महायुद्धात वडील गेले, बँकेतील नोकरीत मन रमले नाही, म्हणून हा माणूस शिक्षक झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने अग्निशामक दलात काम केले आणि नंतर रॅम्सगेट येथील सेंट लॉरेन्स कॉलेज या निवासी शाळेत तो शिकवू लागला. तिथे रात्री मुले अंथरुणात शिरली की त्यांना जेनिंग्ज नावाच्या एका उपद्व्यापी मुलाच्या गोष्टी सांगायच्या, हा त्याचा परिपाठ होता. १९४८ मध्ये जेनिंग्ज बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमात नभोनाट्य होऊन आला, १९५० मध्ये पहिली कादंबरी निघाली, आणि पुढे ही मालिका सुमारे दोन डझन पुस्तकांपर्यंत गेली. त्या पहिल्या कादंबरीत आगीच्या सरावाच्या वेळी स्वतःची बुद्धी वापरा असे मुलांना सांगितले जाते, आणि जेनिंग्ज अत्यंत प्रामाणिकपणे खरा बंब बोलावतो. वर्गात आयुष्य घालवलेल्या माणसालाच हे सुचते, कारण आपली सूचना मुले किती शब्दशः घेतात याचा अनुभव त्यालाच रोज येतो. त्या कादंबरीतील विल्किन्स सर मोठ्याने ओरडतात, पण मनाने मऊ आहेत, आणि असे एक सर प्रत्येक शिक्षक-कक्षात असतातच.

ते जग फी भरू शकणाऱ्या घरांतील मुलग्यांचे होते, हे मान्य. तरीही नॉर्वेतील मुलांनी त्याच जेनिंग्जला ‘स्टोम्पा’ या नावाने आपलेसे केलेच ना?

आपल्याकडे शिक्षक-लेखक म्हटले की साने गुरुजी आठवतात, आणि ते योग्यच आहे. अमळनेरच्या त्या शिक्षकाने नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली आणि ती वाचून मीही रडले आहे. परंतु त्यांच्यानंतर आपण मनाशी असे ठरवून टाकले आहे की शिक्षकाने मुलांना रडवले तर तो संस्कार आणि हसवले तर तो फावला वेळ. पाली भाषेचे प्राध्यापक असलेल्या चिं. वि. जोशींनी आणि मराठी शिकवणाऱ्या द. मा. मिरासदारांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवले, याचा आपण अभिमान सांगतो, पण शेजारच्या टेबलावर बसणारा शिक्षक तेच करू लागला की त्याला रकाना मिळत नाही. निवडणुकीच्या कामाला, जनगणनेला शिक्षकाचे दिवसच्या दिवस जातात, तेव्हा अध्यापनाचा वेळ वाया जातो असे कुणी लेखी कळवत नाही. रात्री घरी जागून त्याने एक प्रकरण लिहिले की मात्र सर्वांना अभ्यासक्रम आठवतो.

प्रत्येक शिक्षकाने लिहावे असे माझे म्हणणे नाही. वाईट विनोद मुलांवर लादणारेही आपल्यात आहेत, हे मी नाकारत नाही. मात्र त्यांच्यासाठीच ती लाल पेन्सिल असते.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे आणि मघापासून मला गुरुजींचा चेहराच दिसतो आहे. शेळी शेरेबुकाचे शेवटचे पान खाते आणि साहेबांची सही तेवढी तिच्या दाढीला चिकटून राहते, या वाक्याला आमचा वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गुरुजींनी त्यांना आत बोलावले आणि ते वाक्य पुन्हा वाचले. बाईही हसल्या. त्या दिवशी त्या पानावर एकही फुली पडली नव्हती.

सर, तुम्ही हे वाचत असाल, तर प्रस्ताव अजून कार्यालयातच आहे आणि तो शब्द पुन्हा लिहिता येईल. नव्या कादंबरीचे पहिले प्रकरणही घेऊन या. शनिवारी माझ्या सहावी ‘ब’चा शेवटचा तास तुमचा, पेन्सिल मी देते.