काका, तो जुगार नव्हे

फॅमिली ग्रुपवर काकांनी फर्मान काढलं आहे. घरातली कॉलेजची पोरं रविवारी दुपारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायचा फाशांचा खेळ) खेळत बसतात, ते त्यांच्या डोळ्यांत खुपतंय. म्हणणं असं, की फासे आले म्हणजे जुगार आला, आणि अमेरिकेतलं पन्नास वर्षांचं शिळं खूळ आपल्याकडे आता कशाला? त्याखाली अकरा जणांचे अंगठे.

शिळं म्हणे! इथे अमेरिकेत, मिलवॉकीहून लेक जिनिव्हा हे गाव गाडीने तासाभरावर. १९७४ साली त्या गावात गॅरी गायगॅक्स आणि मंडळींनी या खेळाचे पहिले हजार खोके घरीच भरले. आत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर. जोडीचा कर्ता डेव्ह आर्नेसन शेजारच्या मिनेसोटा राज्यातला. पुढे १९९७ आणि १९९९मध्ये मालक बदलले, नियम कितीदा तरी नव्याने लिहिले गेले. ऐंशीच्या दशकात इथल्या पालकांनी 'ही सैतानाची पूजा' म्हणून गहजब केला (काकांचे इकडचे भाऊबंद). आणि २०२४मध्ये इथल्याच टपालखात्याने याच खेळाची तिकिटं काढली.

आता जुगाराचं. जुगारात फासा पडला की विषय संपतो, इथे तो तिथून सुरू होतो. समजा, तुमच्या पात्राला कुलूप उघडायचंय. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मनाशी काठिण्य ठरवतो: १५. तुम्ही वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात पात्राचं कसब मिळवायचं, समजा ५. म्हणजे फाशावर १० किंवा जास्त हवेत. शक्यता ५५ टक्के. पण शेजारचा म्हणाला, 'मी दिवा धरतो, खिळा दाबून ठेवतो', आणि डीएमला ते पटलं, तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. शक्यता एकदम ८० टक्क्यांवर. हे वरचे २५ टक्के शेजाऱ्याने दिले. दिवाळीत पैसे लावून तीन पत्ती चालते, तिथे शेजारी असा दिवा धरतो का, ते काकांनीच सांगावं.

फसतं कुठे, तेही सांगतो, कारण नवी पोरं तिथेच कंटाळून सोडतात. सगळी गोष्ट त्या कुलपापलीकडे ठेवली आणि फाशावर ३ आले, की खेळ ठप्प. मुरलेला डीएम दार उघडू देतो, पण खुट्ट आवाजाने पहारेकरी जागा होतो. महत्त्वाच्या गुपिताच्या तीन वेगवेगळ्या खुणा पेरतो. दोन हमखास हुकतात. दुसरी चूक माणसांची. चार-पाच खेळाडू पुरे. सात बसवले आणि लढाईत प्रत्येकाने तीन मिनिटं घेतली, तर तुमची पाळी वीस मिनिटांनी येते आणि तोवर हातात मोबाइल आलेला असतो. तिसरी चूक एकट्या राक्षसाची. त्याच्या एका वाराला पोरांचे चार, दोन फेऱ्यांत तो आडवा. सोबत चार-दोन गॉब्लिन (खुजे, दुष्ट राक्षस) द्यावेत. २०१४च्या नियमांत गॉब्लिनचा जीव ७, तलवारीचा वार सरासरी साडेसात. लागला तर बहुधा एकाच घावात खलास. पण पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या, चौघांवर आठ गॉब्लिन सोडले, तर निम्मी पोरं जमिनीवर. खर्च म्हणाल तर सात फाशांचा एक संच आणि कागद-पेन्सिल. मूळ नियम इंटरनेटवर फुकट.

एवढी वकिली कशासाठी? इथे नोव्हेंबर ते मार्च कुणी कुणाकडे सहज डोकावत नाही. दोन आठवडे आधी कॅलेंडरवर जागा मागावी लागते. खेळाचा शुक्रवार मात्र ठरलेला. न आलात तर फोन येतो, कारण चोर नाही तर कुलूप कोण उघडणार? तिकडे चहाच्या टपरीवर फुकट मिळतं, ते इकडे नियमांच्या आडून मिळवावं लागतं. काकांना या खेळाची गरज नसेलही. मला आहे.

शिवाय मला पोरांचा हेवा वाटतो. ती मराठीत खेळतात. इंग्रजीत 'व्हॉट डू यू डू' म्हटलं की भागतं. मराठीत दाढीवाला मुलगा एल्फ (परीकथेतली एक जमात) राणीचं पात्र खेळत असेल तर 'काय करतोस' विचारायचं की 'काय करतेस'? पहिल्याने राणी मेली, दुसऱ्याने टेबल खिदळतं. 'काय करशील' म्हटलं की सुटका, भविष्यकाळाला लिंग नाही. पण ड्रॅगन बोलायला लागला की पुन्हा पंचाईत. काकांनी एकदा त्या खोलीत चहाचा ट्रे घेऊन जावं, दोन मिनिटं दाराशी थांबावं आणि ड्रॅगन पोरांना 'अरे' म्हणतो की 'अहो', तेवढं मला ग्रुपवर कळवावं.